खटक्यावरची चिकटपट्टी

टाचणी हे नाव तिला वर्गातल्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की तिचं खरं नाव मला फक्त हजेरी घेताना आठवायचं. अंगाने काटकुळी, बोलणं कमी, पण जे बोलेल ते नेमकं टोचणारं. शिवाय ती एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करायची, त्यामुळे टाचण्या तिच्या कपड्यांना कुठे ना कुठे खोचलेल्या असायच्याच. 'तिच्या जवळ बसू नका, पंक्चर व्हाल,' असं पोरं म्हणायची. ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही.

मी त्या वर्गाचा मास्तर. वस्तीतल्या तरुण मुलामुलींनी स्वतः कॅमेरा हातात घ्यायचा आणि आपल्या माणसांची फिल्म आपणच करायची, असा तो उपक्रम होता. ज्या संस्थेच्या जिवावर तो चालायचा, तिच्या पत्रकात 'अभिव्यक्ती', 'सक्षमीकरण' अशा शब्दांची नुसती खैरात असायची. प्रत्यक्षात सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, एक कॅमेरा, एका पायाने लंगडा स्टँड आणि एक हेडफोन होता. त्या हेडफोनचा जुना स्पंज काळ्या भुग्यासारखा कानाला चिकटायचा. वर्ग सुटल्यावर सगळी पोरं कान झटकत जिना उतरायची.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, कशावर करायची फिल्म? कुणी प्रेमावर म्हणालं, कुणी कुत्र्यांवर. टाचणी म्हणाली, "माझा भाऊ गेला. त्याच्यावर."

मला खरं सांगायचं तर कंटाळा आला. गेलेल्या माणसांवरच्या फिल्मा मी इतक्या पाहिल्या होत्या. फोटोवर सावकाश सरकणारा कॅमेरा, मागे रडकं वाद्य. मी जरा तिरसटपणेच म्हणालो, "जो नाही त्याला कॅमेऱ्यात कसा पकडणार?"

"तो नाही. पण तो जिथे गेला ते यंत्र आहे ना अजून. चालू आहे," ती म्हणाली.

मग मात्र मी खुर्ची ओढून नीट बसलो.

वडील लहानपणीच वारलेले. आईचा पाठचा भाऊ, म्हणजे मामा, याने या दोन मुलांना वाढवलं. मामाने लग्न केलं नाही. राहायचा वेगळा, पण जेवायला बहिणीकडे. तो एका मोठ्या लॉंड्रीत वाळवण खात्याचा मुकादम होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या, धुऊन वाळून इस्त्री होऊन परत जायच्या. टाचणीचा भाऊ शाळेतून बाहेर पडला तेव्हा मामाने त्याला आपल्याच हाताखाली चिकटवला. एका सकाळी वाळवणाच्या यंत्रात चादरींचा गुंता झाला, तो सोडवायला त्याने दार उघडून हात घातला, आणि आतला ड्रम थांबलाच नाही. ओल्या चादरीने त्याचा हात धरला आणि मग तो सगळाच आत ओढला गेला.

लॉंड्रीने काखा वर केल्या. दार उघडलं की यंत्र बंद करणारा एक खटका असतो. त्यावर चिकटपट्टी लावून तो कायमचा दाबून ठेवला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी यंत्राला ते बंद वाटेल. दर वेळी यंत्र पुन्हा चालू करायचा कंटाळा म्हणून ही पट्टी मुलाने स्वतःच लावली, असं लॉंड्रीचं म्हणणं. तपासाला आलेल्या साहेबासमोर मामानेही तेच सांगितलं. आईने ते मान्य केलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने शंका घेतली असती, पण सांगणारा तिचा भाऊ होता.

तेव्हापासून ती बाई आपल्या मेलेल्या पोरावर चिडलेली होती. मला हे फार विचित्र वाटलं होतं, टाचणीने तिचं चित्रण आणून दाखवलं तेव्हा. आई ओट्याशी उभी, हात पुसते आहे, आणि सरळ कॅमेऱ्यात बघत सांगते, "धांदरट होता. लहानपणापासूनच. गरम दूध फुंकर न घालता प्यायचा, जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरायचा. किती वेळा सांगितलं, सावकाश कर. नाही ऐकलं. स्वतःच्या हाताने गेला." तिच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. राग होता, आणि तो राग खाऊन ती जगत होती हे उघड दिसत होतं.

"सर, तो धांदरट नव्हता," टाचणी म्हणाली. "दूध प्यायचा तसा, पण कामात नव्हता. माझ्या कात्रीला हात लावायचा तरी विचारून लावायचा. आईने असं समजून मरू नये."

तिला एवढंच हवं होतं. बक्षीस नको, नाव नको. आईच्या मनातून त्या पोराचा दोष जावा.

आता माझ्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. नियम एकच, आणि तो मी पहिल्याच दिवशी सांगून टाकायचो. ज्याचं चित्रण केलं त्याला त्याचा भाग आधी एकट्याला दाखवायचा. मग फिल्ममधल्या सगळ्यांना एकत्र बसवून अख्खी दाखवायची. मग उरलेल्या जगाला. पहिल्या दोन वेळांना कुणीही 'माझं हे काढा' म्हणालं तर ते काढायचं. वाद नाही, विनवण्या नाहीत. दुसऱ्याच्या घरात कॅमेरा घेऊन शिरणाऱ्याला एवढी तरी लाज हवी, असं माझं मत होतं. अजूनही आहे, पण आता ते मांडताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

मामाचं चित्रण तिने घरीच केलं, एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. आवाजाचं काम 'रेडिओ'कडे होतं. हा आमच्या वर्गातला अखंड बडबड्या मुलगा. कानावर हेडफोन चढवला की तोंड बंद ठेवावंच लागतं, म्हणून मी मुद्दाम त्याला ते काम दिलं होतं. दोघांनी घर अगदी शिकवल्याप्रमाणे तयार केलं. पंखा बंद. फ्रिजची घरघर नको म्हणून तोही बंद, आणि नंतर चालू करायचा विसर पडू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये, म्हणजे बाहेर पडताना तो उघडावाच लागेल. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात. खिडक्या लावलेल्या. आईला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि बजावलं, भांड्याला हात लावायचा नाही, खोकला आला तरी दाबायचा.

मग तिने मामाला यंत्राबद्दल विचारायला सुरुवात केली. मामा खुलला. कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस खुलतोच. कुठल्या चादरीला किती ताव लागतो, दवाखान्याची चादर आणि हॉटेलची चादर हाताला वेगळी कशी लागते, सगळं सांगितलं. ओल्या चादरी एकमेकींना पीळ घालून कशा बसतात, ते त्याने दोन्ही हातांनी करून दाखवलं.

"मग दार उघडून सोडवायच्या?" टाचणीचा आवाज.

"मग काय तर. दार उघडायचं, ड्रम थांबतो."

"त्या दिवशी थांबला नाही."

"खटक्यावर पट्टी होती ना."

"कुणी लावली होती, मामा?"

मी त्यांना शिकवलं होतं, महत्त्वाचा प्रश्न विचारला की तोंडात मिठाची गुळणी धरा. समोरचा गप्प बसला तर बसू द्या. शांतता भरून काढायची घाई तुम्ही करू नका, ती तो करेल. टाचणीने गुळणी धरली. पडद्यावर मामा नुसता बसून आहे. तो छताकडे बघतो, तळहात मांडीवर घासतो. आवाज म्हणून काही नाही. मग तो बोलायला लागतो, आणि इतक्या साध्या आवाजात की मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"मीच लावली. वरून सांगितलं होतं, दर वेळी यंत्र थांबलं तर माल वेळेवर जात नाही. मी माझ्या हाताने लावली. तो नको म्हणाला होता. मामा, मला भीती वाटते, म्हणाला. मी म्हटलं, भित्रा कुठला. पोरं हसली. मग गेला बिचारा कामावर."

पुढे कॅमेरा किंचित हलतो. तेवढंच. टाचणीने स्टँड सोडला नाही.

आपला भाग बघायला मामा आमच्या खोलीत आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हेडफोन लावून त्याने सगळं पाहिलं. मग हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे काढ, पोरी."

"मामा..."

"नोकरी जाईल, ते जाऊ दे एक वेळ. पण ताईला कळलं तर मी जेवायला कुठे जाऊ?"

हे वाक्य ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाचा गेला आणि या माणसाला जेवणाची पडली आहे! तो जिना उतरून गेल्यावर मी टाचणीला म्हणालो, "काढायचं नाही. हा नियम असल्या लोकांसाठी नाही. मी केलाय नियम, मीच मोडतो."

तिने बाहीतली एक टाचणी काढून पुन्हा तिथेच खोचली. "नियम तुमचा आहे सर, पण माणूस माझा आहे. त्याने मला शाळेत नेलंय हाताला धरून. तो माझ्यावर विश्वास ठेवून बोलला. आज मी फसवलं तर उद्या या वस्तीत कॅमेऱ्यासमोर कोण तोंड उघडेल? आणि तुम्ही तरी कुठल्या तोंडाने शिकवाल?"

"आणि तुझ्या आईचं काय?"

तिने मान खाली घातली आणि ती रडली. मी तिला रडताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. मग नाक पुसून एडिटिंगला बसली आणि मामाचं बोलणं तिने स्वतःच्या हाताने कापलं. फिल्ममध्ये उरला तो चादरींबद्दल उत्साहाने बोलणारा एक मुकादम. आणि धांदरट पोराची आई.

सगळ्यांना एकत्र दाखवायचा दिवस आला. सकाळची वेळ, खिडक्यांना काळं कापड. आई आली, मामा आला, फिल्ममध्ये बोललेल्या इस्त्री खात्यातल्या दोन बायका आल्या. मामा बहिणीच्या शेजारीच बसला. फिल्म संपली. दिवा लावून मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला आपलं काही काढायचं आहे?"

आईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. पण माझ्याकडे बघितलं नाही. मुलीकडे बघून म्हणाली, "हा पट्टीबद्दल बोलला होता ते कुठे गेलं?"

इस्त्रीवाल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"अगं, मी आत होते ना. पंखा बंद, खिडक्या बंद, घड्याळसुद्धा कपाटात. एरवी आपल्या घरात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही सगळं इतकं चिडीचूप केलंत की याचा श्वासही मला ऐकू येत होता. वाटलं, हा आपण होऊन सांगेल. नाही सांगितलं. मग वाटलं, तू सांगशील. दोघंही माझ्या हातचं जेवत होतात आणि मूग गिळून बसला होतात."

मी आणि माझी पोरं आवाजाच्या मागे इतके लागलो होतो की ज्या बाईला आवाज करू नको म्हटलं तिला कान आहेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सिनेमावाल्यांचंच हे आंधळेपण, दुसऱ्या कुणाकडून असं झालं नसतं.

मामा काहीतरी पुटपुटला. आईने त्याला हाताने थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"ती पट्टी अजून आहे का रे तिथे?"

मामा मांडीवर तळहात घासू लागला.

"मी विचारतेय, अजून आहे?"

"काम अडतं गं, ताई."

"आणि तिथे आता कोण असतं?"

"एक बाई आहे. नवीन आहे."

"मग जे बोललास ते परत घालू दे हिला. हो म्हण." तिने त्याच्या दंडाला धरलं. "माझ्या पोराला भित्रा म्हणालास. आता तू भिऊ नकोस. हो म्हण."

मला वाटलं, म्हणेल. त्याचे ओठ हललेही. पण तो उठला, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि जिना उतरून गेला. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

आईने दाराकडे पाठ केली. मग मुलीला म्हणाली, "माझं ते वाक्य काढ. धांदरट म्हणाले ते. नव्हता तो धांदरट."

म्हणजे टाचणीला हवं होतं ते मिळालं. आईच्या मनातून पोराचा दोष गेला. पण ज्या रागावर ती बाई उभी होती तोही गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं. परतताना जिन्यावर तिने प्रत्येक पायरीला भिंत धरली. आली होती तेव्हा ती तशी चढली नव्हती.

फिल्म जगाला दाखवली. त्यात कुणाचा दोष नव्हता, कुणाचा आरोप नव्हता. नुसत्या पांढऱ्या चादरी, वाफ, आणि एका मुलाचा फोटो. संस्थेच्या बाई भारावून म्हणाल्या, "किती तरल आहे!" मी बाहेर जाऊन उभा राहिलो, नाहीतर तोंडातून काहीतरी भलतंच गेलं असतं.

टाचणी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी लॉंड्रीच्या फाटकावर गेली. मला नंतर म्हणाली, "पडद्यावर दाखवणार नाही असं कबूल केलं होतं. तोंडाने सांगणार नाही असं कुठे म्हटलं होतं?" पाळी बदलताना तिने त्या नव्या बाईला गाठलं. थोराड हाडाची, दोन लेकरांची आई. टाचणीने तिला सगळं सांगितलं. खटका, पट्टी, आपला भाऊ. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मुकादमांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, माझा भाचा गेलाय इथे, पट्टी मीच लावली होती, जपून हात घाल. प्रत्येक नव्या माणसाला सांगतात ते."

"प्रत्येकाला?"

"हो. सांगताना डोळे भरून येतात त्यांचे. चांगला माणूस आहे."

"मग पट्टी काढत का नाहीत?"

"तपासणीला कुणी आलं की काढतात की. ते गेले की लावतात. आणि काढून ठेवली तर माल होणार नाही. माल झाला नाही तर मला काढतील, पट्टीला नाही." बाईने डबा काखेत मारला. "तू भली आहेस, पोरी. पण मला उशीर होतोय."

अख्ख्या लॉंड्रीला माहीत होतं. त्या नव्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त जिचं पोर गेलं तिला. हे सगळं मला सांगताना टाचणी खोलीत उभीच होती, बसली नाही. मी म्हटलं, यावर फिल्म कर. ती म्हणाली, "कुणाला दाखवू? ज्यांना कळायला हवं त्यांना कळलेलंच आहे." त्यानंतर ती वर्गाला आली नाही. कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही, आणि मीही आग्रह करायला गेलो नाही. आमच्या वर्गात आलेल्यांपैकी तिच्याइतकी प्रामाणिक नजर मी पाहिली नाही, हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

मध्यंतरी, बऱ्याच वर्षांनी, शिंप्याच्या दुकानात शर्टाला बटण लावून घ्यायला गेलो. ती तिथेच होती, दोऱ्याचं टोक दातात धरून. केसात पांढरं दिसायला लागलं होतं. मी विचारलं, "मामा?"

"आहेत. जेवायला येत नाहीत आता."

"ती बाई?"

"आहे. त्याच यंत्रावर. मी अधूनमधून फाटकावर जाऊन बघते. मला पाहिलं की लांबूनच दोन्ही हात वर करून दाखवते, आहेत म्हणून."

"आणि आई?"

तिने दोरा तोडला, शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. "मी संध्याकाळी घरी गेले की पहिलं तेच विचारते, आज तिथे काही झालं का? मी नाही म्हणते. मग ती पान वाढायला घेते."